दोन जीप आणि एक वही

निवृत्त शिक्षकाने जुनी जीप घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न धर्मग्रामाच्या सभेत कधी चर्चेला येणार नाही. आमच्या घरात मात्र तो एका वर्षी सारा उपवासकाळ गाजला. ज्या दिवसांत मनातली हाव कमी करायची, त्याच दिवसांत मी दोन जीपगाड्यांच्या मोहात सापडलो होतो.

एक जीप साताऱ्यात होती, दुसरी सांगलीत. किमतीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो इंजिनांत. साताऱ्याची जीप पेट्रोलवर चालणारी, १९६०च्या दशकातली. 'एमएच-११' ही साताऱ्याची खूण येण्याच्या कितीतरी आधीचा तिचा क्रमांक. सांगलीची 'एमएच-१०'वाली, १९९१ची, डिझेलवर चालणारी.

दोघींचे मूळ घराणे एकच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील टोलेडो शहरी विलीज कंपनीने सैन्यासाठी ही गाडी घडविली. युद्ध संपल्यावर तिची नागरी आवृत्ती निघाली आणि महिंद्र कंपनीने ती आपल्याकडे आणली. साताऱ्याच्या गाडीत 'हरिकेन' नावाचे चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे इंजिन होते. त्यात मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह माथ्यावर आणि धूर बाहेर सोडणारा ठोकळ्याच्या बाजूला असतो. या रचनेने इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. ती उंच छाती पाहिली की जीपचा जाणकार लांबूनच तिला ओळखतो. सांगलीच्या गाडीत फ्रेंच प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घनसेंटीमीटरचे डिझेल इंजिन. ताकद थोडी कमी, आवाज जास्त. पण तेवढ्याच इंधनात ती बरेच अधिक अंतर कापते.

माझा ओढा साताऱ्याकडे होता, आणि त्याला कारण होते. माझे वडील साताऱ्यात मिशनच्या जीपवर चालक होते. ती जीप अशीच, उंच बॉनेटची. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आगमनकाळ चालू होता. आम्ही सारी भावंडे घोंगड्यांत गुरफटून अंगणात उभी होतो. उजाडल्यावर कोयनानगरची वार्ता आली. वडिलांनी एकदाच हँडल मारले आणि जीप सुरू झाली. फादरांना, औषधांच्या पेट्यांना आणि आमच्याच घोंगड्यांना घेऊन ते उंब्रज-पाटणच्या रस्त्याने निघून गेले. तिसऱ्या रात्री आईने अंधारात नुसता आवाज ऐकला आणि म्हणाली, "आले गं बाई." तो एकसुरी, मऊ आवाज साताऱ्याच्या गॅरेजात पुन्हा ऐकला आणि माझे डोळे भरून आले.

आमचे मिस्त्री मात्र भावनेला दाद देणारे नव्हेत. ते म्हणाले, "गुरुजी, पेट्रोलची जीप थंडीत लगेच उठते, हे खरं. पण पाण्यातून नेली आणि डिस्ट्रिब्युटर भिजला, की जागच्या जागी बसते. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा दाबून तापते, त्यात डिझेल पेटतं." त्यांनी आणखी एक सूचना केली. आपल्या भागात अनेकांनी पेट्रोलच्या जीपमध्ये पुढे डिझेलचे इंजिन बसविले. तेव्हा इंजिनावरचा क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळवून पाहावा. बदलाची नोंद परिवहन कार्यालयात नसेल तर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणात अडचण येते. नवा द्राक्षारस आणि जुने बुधले यांचा प्रभूचा दाखला मला आठवला आणि हसू आले. दोन्ही गाड्यांचे क्रमांक जुळले. म्हणजे निवड पुन्हा माझ्याकडेच आली.

पत्नी इतके दिवस गप्प होती. एका रात्री तिने विचारले, "अहो, गाडी कुणाला हवी आहे? तुम्हाला, की तुमच्या कानांना?"

मला राग आला. प्रश्न खरा होता म्हणून. जीप घेण्याचे कारण मीच सर्वांना सांगितले होते. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना रविवारच्या मिस्साला आणायचे, शेजारच्या काकूंना डायलिसिससाठी मिरजेला न्यायचे. २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा याच काकूंना ट्रॅक्टरवर चढवून बाहेर काढावे लागले होते.

त्या रात्री मी वडिलांची पेटी उघडली. तीत गाडीची वही होती. तारीख, मैल, इंधन आणि कोणाला कोठे नेले, एवढेच. इंजिनाविषयी कौतुकाचा एक शब्द नाही. डिसेंबर १९६७च्या पानावर पाटणच्या दोन बाळंतिणी आणि पाय मोडलेला एक म्हातारा. पुढे पुढे मात्र एक छोटी नोंद वारंवार येऊ लागली : 'पेट्रोल नाही. गेलो नाही.' एका ठिकाणी त्याच्याखाली त्यांनी माणसाचे नाव लिहिले होते आणि नावापुढे लहानसा क्रूस काढला होता.

वडिलांनी हे आम्हाला कधी सांगितले नाही. ज्या आवाजाची मी आयुष्यभर आठवण जपली, तो आवाज कधीकधी निघालाच नव्हता आणि त्याचे ओझे ते एकटे वाहत होते.

पास्काच्या आधीच्या आठवड्यात आम्ही सांगलीची डिझेल जीप घेतली. खोटे कशाला बोलू? साताऱ्याची गाडी विकली गेल्याचे कळले तेव्हा मला वाईट वाटले. अजूनही वाटते. ही गाडी खडखडते, आणि थंडीच्या सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत किल्ली धरून थांबावे लागते. तेवढ्या वेळात एक 'नमो मरिया' म्हणून होते. वहीतल्या त्या नावासाठी मी ती म्हणतो.

काकू मागे बसलेल्या असतात. त्या विचारतात, "गुरुजी, निघायचं ना?"

"निघालोच," मी म्हणतो, आणि किल्ली फिरवतो.