चार जोकर, एक लखोबा

एकच खलनायक चार नटांनी रंगवला तर त्यातला खरा कोणता, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मांडव्याचा कांचा चीनाच घ्या. १९९० सालच्या ‘अग्निपथ’मध्ये डॅनी डेन्झोंग्पाने तो उंची सूट घालून, आवाज न चढवता उभा केला. २०१२ साली संजय दत्तने तोच कांचा डोके भादरून, अंग गोंदवून केला. आमचे अलिबागकडचे एक स्नेही म्हणतात, मांडव्याच्या धक्क्यावर अर्धा जन्म गेला, पण दोघांपैकी एकही कांचा कधी लाँचमधून उतरताना दिसला नाही. असो.

हल्ली मलाझमध्ये चार मराठी घरे एकत्र जमली की मुलांच्या तोंडी दुसराच खलनायक असतो. तो म्हणजे बॅटमनचा जोकर. व्हिजिटवर आलेल्या ज्या आजी-आजोबांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी सांगतो. बॅटमन हा अमेरिकन चित्रकथांमधला, रात्री मुखवटा चढवून गुंडांना धडा शिकवणारा नायक, आणि जोकर हा त्याचा हाडवैरी. पांढराफटक चेहरा, हिरवे केस, लाल ओठ आणि कधीही न मावळणारे हसू. हा जोकर प्रथम १९४० साली छापला गेला. त्याचे हसू १९२८ सालच्या ‘द मॅन हू लाफ्स’ या चित्रपटातल्या कॉनराड फाइट या नटाच्या चेहऱ्यावरून घेतलेले आहे. म्हणजे जोकर जन्मला तोच मुळी दुसऱ्या नटाचा चेहरा घेऊन.

पडद्यावरचा पहिला गाजलेला जोकर सीझर रोमेरोचा. १९६६ ते १९६८ या काळात अमेरिकेत बॅटमनची दूरचित्रवाणी मालिका चालली, त्यातला. या गृहस्थाने भूमिकेसाठी आपली मिशी काढायला साफ नकार दिला, तेव्हा रंगभूषाकाराने मिशीवरूनच पांढरा रंग फासला. नीट पाहिले तर रंगाखालची मिशी दिसते. आमचे चिरंजीव ती शोधण्यासाठीच ते जुने भाग बघतात. या जोकरला कशाचेही दुःख नाही. तो दरोडे घालतो ते मजा म्हणून आणि पकडला जातो तोही हसतच. आपल्याकडे बालनाट्यातला चेटक्या जसा असतो तसा. त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू असा का झालास.

हा ‘का’ पडद्यावर ठसठशीत आला तो १९८९ साली, टिम बर्टनच्या ‘बॅटमन’मध्ये. जोकर होता जॅक निकल्सन. तिथे तो आधीपासूनच गुंड आहे आणि एका रासायनिक कारखान्यातल्या हौदात पडून त्याचा जोकर होतो. मूळ कल्पना १९५१ सालच्या चित्रकथेतली. आमचा पेशा रसायनशास्त्राचा. नावामागे डॉक्टर लागल्यापासून मंडळाच्या कार्यक्रमात लोक आम्हाला गुडघेदुखी सांगतात हा भाग वेगळा, पण निदान या हौदाबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे. तर, एका बुडीत कातडी पांढरी, केस हिरवे आणि ओठ लाल करणारे द्रावण आमच्या पाहण्यात नाही. सुटे सुटे मात्र सगळे शक्य आहे. पोहण्याच्या तलावातल्या पाण्यात तांब्याचा अंश असला तर सोनेरी केसांवर हिरवी झाक येते. लोक उगाच क्लोरीनला दोष देतात. कातडी पांढरी पडल्याचे उदाहरणही आहे. १९३९च्या सुमारास अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले, आणि शोध घेता कारण निघाले त्यांच्या रबरी हातमोज्यांत मिसळलेले एक रसायन. आणि ते गोठलेले हसू? धनुर्वातात आणि कुचल्याच्या विषबाधेत चेहऱ्याचे स्नायू आखडून अगदी तसेच भेसूर हसू येते. वैद्यकात त्याला वेगळे नावच आहे.

याच चित्रपटात जोकर बाजारातल्या प्रसाधनांत विष कालवतो. एकेक वस्तू वापरली तर काही होत नाही, पण केसांचा फवारा, अत्तर आणि लिपस्टिक एकत्र आले की माणूस हसत हसत मरतो. ही युक्ती मात्र आम्हाला पटली. भगिनींनी लक्षात ठेवावे (आणि ज्या घरी बंधू बाथरूम धुतात त्यांनीही) की क्लोरॉक्स आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूम केवढी असते ते आपल्याला माहीत आहे.

निकल्सनचा जोकर आम्हाला आवडतो. तो नाचतो, मिरवतो, आरशात स्वतःवर खूष असतो. पण हौदाने चेहरा दिला, स्वभाव दिला नाही. पडण्याआधीही तो खुनीच होता. रसायनाला उगाच बदनाम केले आहे, ही आमची व्यावसायिक तक्रार.

तिसरा जोकर हीथ लेजरचा, २००८ सालच्या ‘द डार्क नाइट’मधला. चित्रपट लागण्याआधीच, जानेवारी २००८ मध्ये, हा नट अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळाले. त्याच्या जोकरचा पांढरा रंग हौदातला नाही, हाताने फासलेला आहे, तोही कपाळावर भेगा पडलेला. गालांवर जुने व्रण आहेत. हे व्रण कसे आले ते तो एका माणसाला सांगतो, त्यात दारुड्या बाप आहे. पुढे दुसऱ्या व्यक्तीला सांगतो, त्यात बापाचा पत्ता नाही, बायको आहे. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याचा थरकाप होतो, आणि दोन्हींपैकी खरे काय ते चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही.

हे पाहताना आम्ही मनाने थेट निपाणीला पोचलो. माणसागणिक वेगळी हकीकत सांगणारा हा गृहस्थ आपण आधी पाहिलेला आहे. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली दिल्लीत प्रथम रंगमंचावर आले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. एकेक साक्षीदार येऊन सांगतो की हाच तो दिवाकर दातार, हाच तो कॅप्टन परांजपे, हाच तो राधेश्याम महाराज. आणि हा शांतपणे प्रत्येकाला नाकारतो, वर आपला खटला आपणच चालवतो. पाचही सोंगे प्रभाकर पणशीकरांची. फिरत्या रंगमंचावर कोर्ट जाऊन घर येईपर्यंत माणूस बदललेला असे, चालण्यासकट आणि उच्चारांसकट. त्यांनी या नाटकाचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. २०११च्या जानेवारीत ते गेले. पुढे डॉ. गिरीश ओक यांनीही लखोबा केला. अमेरिकेत एका जोकरला अनेक नट लागले. आपल्याकडे एका नटाने एका संध्याकाळी पाच माणसे पुरवली. आम्हाला विचाराल तर लेजर आणि पणशीकर या दोघांत एक मोठे साम्य आहे. दोघेही प्रेक्षकाला कीव करायला जागा देत नाहीत.

(२०१६ सालच्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये जॅरेड लेटोनेही जोकर केला. दात चांदीचे होते. एवढेच आठवते.)

चौथा जोकर वाकीन फिनिक्सचा, २०१९ सालचा. याच्यावरून मंडळाच्या बैठकीत खडाजंगी झाली. रियाधमध्ये व्यावसायिक चित्रपटगृह पस्तीसेक वर्षांनी १८ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा उघडले. त्याआधी मंडळी कॅसेटवर भागवायची, किंवा ईदच्या सुट्टीत चार-पाच तास गाडी हाकून, समुद्रावरच्या पुलावरून बहारीनला सिनेमा बघायला जायची. मुले काय बघतात ते तेव्हा आईबापांना माहीत असे, कारण कॅसेट एकच आणि टीव्हीही एकच. आता प्रत्येकाच्या हातात आपापले चित्रपटगृह आहे. ज्या चित्रपटाला अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नव्हता, तो आपल्या आठवी-नववीच्या मुलांना पाठ आहे.

या चित्रपटात कारणेच कारणे आहेत. आर्थर नावाचा गरीब माणूस, जत्रेतल्यासारखा विदूषक बनून पोट भरतो. नको त्या वेळी अनावर हसू येण्याचा त्याला आजार आहे. रस्त्यात पोरे मारतात, औषधे बंद होतात, ऐकणारे कोणी नाही. फिनिक्सने यासाठी वीस किलोंहून अधिक वजन उतरवले, आणि त्याच्या पाठीची हाडे हालताना पाहून पोटात कालवते. २०२० साली त्याला ऑस्कर मिळाले ते योग्यच. पण आर्थर माणसे मारू लागतो तोवर प्रेक्षकाच्या मनात त्याचे वकीलपत्र तयार झालेले असते, आणि ही गोष्ट आम्हाला टोचते. दुःख सगळ्यांनाच असते. म्हणून कोणी पिस्तूल घेऊन टीव्हीच्या कार्यक्रमात जात नाही.

तर बैठकीतला विषय असा. वार्षिक कार्यक्रमाच्या वेशभूषा स्पर्धेसाठी नववीतल्या एका मुलाने ‘जोकर, २०१९’ असे लिहून नाव दिले होते. साल आवर्जून घातले होते. एका वहिनींचे म्हणणे, शिवाजी महाराज आणि झाशीची राणी यांच्या रांगेत हे ध्यान नको. दुसरे म्हणाले, अहो, रावण चालतो ना? तासभर हेच चालले, चहा दोनदा झाला, आणि शेवटी मुलाशी बोलण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले.

पुढचे त्या मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीने लिहीत आहोत. जुलै २०१७ पासून इथे कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि वर्षाला शंभरने वाढत २०२० साली ते ४०० झाले. त्या काळात मलाझमधली किती बिऱ्हाडे अर्धी झाली ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. विमानतळावर किती जणांना पोचवले याची गणती नाही. या मुलाची आई आणि धाकटी बहीण तेव्हाच नाशिकला गेल्या. हा शाळेसाठी वडिलांजवळ राहिला. वडिलांची ड्यूटी बारा तासांची.

संध्याकाळी किंग अब्दुल्ला पार्कमध्ये कारंज्यापाशी बसलो आणि आम्ही आमची तुलना त्याला ऐकवली. रोमेरोची मिशी, निकल्सनचा हौद, लेजरचे व्रण, सगळे. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, “काका, मी तो पिक्चर पूर्ण बघतच नाही.”

“म्हणजे?”

“तो घरी येतो ना, खाली पत्रांची पेटी बघतो, आईला जेवायला देतो, तिला आंघोळ घालतो, दोघं मिळून टीव्ही बघतात. तेवढंच बघतो. ट्रेनमधलं चालू व्हायच्या आधी बंद करतो.”

“मग पुढचं?”

“एकदा बघितलंय. पुढे तो आईला मारतो. ते मला नाही बघायचं.”

कारंजे चालू होते, मुले ओरडत होती. आम्ही तीन नट आणि दोन ऑस्कर घेऊन आलो होतो, आणि हा जोकर आमच्या यादीतच नव्हता. फिनिक्सने केलेलाच, पण खून व्हायच्या आधी रोज रात्री थांबवलेला. ज्या कारणांबद्दल आम्ही बैठकीत एवढे तावातावाने बोललो ती कारणे या मुलाला खुनासाठी नकोच होती. त्याला ते घर हवे होते, ज्यात मुलगा बाहेरून येतो आणि आत आई असते.

वेशभूषेत जोकरला परवानगी द्यावी, हत्यार मात्र नको, असे आम्ही समितीला कळवले आणि ते मंजूर झाले. वहिनी अजून नाराज आहेत, पण केसांना लावायचा हिरवा रंग त्यांनीच आणून दिला आहे. (धुतल्यावर जाणारा आहे, आम्ही डबीवरचे घटक वाचले.)

शिवाय मुलांच्या नाट्यप्रवेशात आम्ही त्याला लखोबा करायला सांगितले आहे. कोर्टातला प्रवेश. दोन दिवसांनी संहिता परत घेऊन आला.

“काका, हा असा का झाला ते कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही.”

“मग मी ॲक्टिंग कशावरून करू?”

आम्ही म्हटले, “साक्षीदार काय म्हणतो ते नीट ऐकायचं आणि नाही म्हणायचं. प्रत्येकाला वेगळं नाही म्हणायचं.”

त्याने थोडा विचार केला. “म्हणजे कोर्ट फक्त ‘तू कोण’ एवढंच विचारतं. ‘का’ कोणीच विचारत नाही.”

नाटकावर आम्ही पुष्कळ वाचले आहे, पण हे कोणी इतक्या थोडक्यात सांगितलेले आठवत नाही. तालमीत तो सध्या प्रत्येक नकारानंतर खाली बघतो. पणशीकर समोरच्याच्या डोळ्यांत बघत. आम्ही अजून त्याला तसे सांगितलेले नाही, त्याचे खाली बघणे आम्हाला आवडू लागले आहे.

तालीम दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तीन वाजता, नेहमीच्या जागी. वकिलांसाठी दोन काळे कोट हवे आहेत. भारतातून लग्नात शिवून आणलेले आणि आता अंगात न मावणारे कोट बऱ्याच कपाटांत आहेत, हे आम्हाला माहीत आहे. आणि एक विनंती. लखोबाची आई हा प्रवेश नाशिकहून मोबाइलवर बघणार आहे. तेव्हा त्या वीस मिनिटांत इस्तिराहाच्या वायफायवर कोणीही क्रिकेट लावू नये.