बँड थांबतो तेव्हा

वसईत उपवासकाळ लागला हे आधी कानांना कळतं. नाताळ आटोपला की नंदाखाल, गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज, मर्सेस या सगळ्या पट्ट्यात लग्नांची रांग लागते. एका आळीतला मांडव उतरत नाही तोवर दुसरीत चढतो आणि बँडवाल्यांना जेवायलाही उसंत मिळत नाही. मध्यरात्री वरात घरी पोचेपर्यंत अर्ध्या गावाची झोप मोडलेली असते, तरी कोणाची तक्रार नसते. मग फेब्रुवारीतल्या किंवा मार्चच्या सुरुवातीच्या एका मंगळवारी हे सगळं थांबतं. उपवासकाळात लग्न काढायचं नाही, हा रिवाज कोणी कोणाला शिकवावा लागत नाही. बुधवारी सकाळी केळीच्या वाडीत पंपाची तेवढी घरघर ऐकू येते.

आम्ही मुळातच मोठ्यानं बोलणारी माणसं. वाडीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, या काठावरून त्या काठाला हाका मारण्यात पिढ्या गेल्या. आमच्या कुपारी समाजातल्या घरात दोघं भाजीच्या भावाविषयी बोलत असली तरी पाहुण्याला वाटतं, भांडण जुंपलंय. अशा माणसांनी चाळीस दिवस आवाज खाली आणायचा, हा मला मटण सोडण्यापेक्षा अवघड नेम वाटतो. चर्चच्या सूचनाफलकावर तो लिहिलेला नसतो. फलकावर असते ती मिस्सांची वेळ, रिट्रीटची तारीख आणि पापनिवेदनासाठी शेजारच्या धर्मग्रामांतून कोणकोणते फादर येणार त्याची यादी. दिवस तरी चाळीस कुठे? राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर सेहेचाळीस भरतात. रविवार सणाचा, तो उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. हा हिशेब पुरुष मंडळींना पक्का ठाऊक असतो. त्याचं कारण पुढे येईलच.

राख येते ती आमच्याच माडांची. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद घेऊन आणलेली पाती घरोघरी क्रुसामागे खोचलेली असतात. वर्षभरात ती पिवळी पडतात, मग तपकिरी होतात, आणि भिंत रंगवायला काढली तरी कोणी ती फेकत नाही. राखेच्या बुधवाराआधी ती चर्चमध्ये परत जातात, जाळली जातात आणि चिमूटभर होऊन कपाळावर येतात. माड नसलेल्या मुलुखांतल्या ख्रिस्ती लोकांना झावळ्यांच्या रविवारसाठी ऑलिव्हच्या किंवा विलोच्या फांद्यांवर भागवावं लागतं. इथे माडावर चढणारा माणूस मिळाला की झालं. (तो हल्ली मिळत नाही, ही वेगळी अडचण.) मातीतून आलास आणि मातीतच जायचंय, अशी आठवण देत फादर कपाळावर क्रूस काढतात. ज्याच्या नखांत रोजच माती असते त्याला हे ऐकून धक्का बसत नाही. तो मान डोलावतो आणि बाकावर जाऊन बसतो.

पहाटेच्या मिस्सेला गेलेले तसेच गाडी पकडतात. त्या दिवशी विरार लोकलच्या गर्दीत काळ्या क्रुसांची कपाळं दिसतात. शेजारी अष्टगंधाचं कपाळ असतं, पलीकडे भस्माचे पट्टे असतात आणि बोरिवली येईपर्यंत कोणीतरी विचारतंच, "कपाळाला काय लागलंय हो, काजळी?" २०१८ साली आणि पुन्हा २०२४ साली हा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला होता. दोन्ही वेळा कॉलेजातल्या पोरांची पंचाईत झाली. गुलाब द्यायचा की राख लावून घ्यायची? बहुतेकांनी दोन्ही केलं.

आता खाण्याचं. नियम असा, की राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे आणि मांसवर्जनाचे, तर मधले शुक्रवार नुसत्या मांसवर्जनाचे. अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी उपवास करायचा, म्हणजे एकदाच पोटभर जेवायचं. पूर्वी बंधनं फार कडक होती. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये ती सैल केली. पण मासळी मोकळीच, आणि इथेच वसईची गंमत होते. समुद्र हाकेवर, पाचूबंदरच्या होड्या भरून येताहेत, सुके बोंबील घरात टांगलेले. अशा गावात शुक्रवारी मटण नाही यात त्याग तो कसला? मला तर शुक्रवारचं जेवणच अधिक रुचतं. वालाची भाजी, शेवग्याच्या शेंगा आणि जवळ्याची चटणी. उपवासाच्या नावाखाली इतकं चविष्ट जेवणारा समाज दुसरा असेल असं वाटत नाही.

खरा त्याग बाटलीचा. राखेच्या बुधवारी कितीतरी पुरुष दारू आणि ताडी सोडतात आणि बहुतेक जण शब्द पाळतात. जे पाळत नाहीत त्यांना सेहेचाळीस आणि चाळीसचा हिशेब उपयोगी पडतो, कारण रविवार मोजत नाहीत. घरच्या बायका या शास्त्रार्थात शिरत नाहीत. नवरा संध्याकाळी अंगणात बसून शुद्धीत बोलतोय, पोराचं गणित तपासतोय, एवढं त्यांना पुरतं. ईस्टरनंतर काय होईल ते ईस्टरनंतर. हे तात्पुरतं शहाणपण खोटं आहे असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. सहा आठवडे शांतपणे जेवलेल्या लेकरांना कोणी विचारलंय का?

दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट असते, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना. चर्चमध्ये असतेच, पण जीव असतो तो आळीतल्या वाटेत. चौदा स्थानं चौदा घरांपुढे वाटून दिलेली. कोणाच्या ओटीवर, कोणाच्या विहिरीपाशी, एखादं वाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जुन्या क्रुसाजवळ. स्टुलावर पांढरं कापड, मेणबत्ती, जास्वंदीची दोन फुलं. लाकडी क्रूस घरोघरचे लोक आळीपाळीने घेतात. मुलांना तो उचलायची हौस आणि तिसऱ्या स्थानापर्यंत त्यांचे खांदे दुखायला लागलेले. येशू पहिल्यांदा पडतो तेही तिथेच, हे कोणी ठरवून केलेलं नाही. पूर्वी गुडघे टेकायला शेणानं सारवलेलं अंगण होतं, आता पेव्हर ब्लॉक आहेत. म्हाताऱ्या तरीही टेकतात, मग उठताना शेजारणीचा खांदा धरतात.

चौथं स्थान येतं तेव्हा काहीतरी बदलतं. तिथे आई आणि मुलगा रस्त्यात समोरासमोर येतात. प्रार्थना छापील असते, वाचणारी शाळकरी मुलगी अडखळत वाचते, तिच्या वाचनात नाट्य अजिबात नसतं. पण त्या घोळक्यात आखातात मुलगा असलेली आई असते, अपघातात मुलगा गेलेली असते, बिल्डरला जमीन विकून वेगळ्या झालेल्या मुलाची असते. कोणी मोठ्यानं रडत नाही. एरवी मयताला गळा काढणाऱ्या या बायका इथे पदर तोंडाशी धरून पुढच्या स्थानाकडे चालू लागतात. वाट संपल्यावर कुणाच्या तरी अंगणात सरबत मिळतं, तिथेही आवाज बेतानंच.

वाटेतच कधीकधी शिमगा भेटतो. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी, म्हणून फाल्गुनातली पौर्णिमा आमच्या उपवासकाळात हमखास सापडते. २०२४ साली २४ मार्चला सकाळी आम्ही झावळ्या हातात घेऊन मिरवणुकीत चाललो आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या आळीत होळी पेटली. शांतता आमची. ती शेजाऱ्यांवर लादायची नसते. आमच्याकडची पोरं कुंपणाशी उभं राहून बोंब ऐकतात, त्यांच्या आया त्यांना आत बोलावतात, आणि ती थोड्या वेळानं आत जातात.

पवित्र सप्ताहात उरलेले आवाजही एकेक करून काढून घेतले जातात. आलेलुया तर राखेच्या बुधवारीच गेलेला असतो. मूर्तींवर जांभळी वस्त्रं चढतात. आज्ञा गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या बारांत बायकांनाही जागा दिली, पण पुरुषांचं संकोचणं काही कमी झालेलं नाही. निवड झालेला शेतकरी दुपारपासून घरी बसून टाचा घासतो, की फादरांना धुवायला काही उरू नये. त्या मिस्सेत ग्लोरिया गाताना घंटा शेवटच्या वाजतात. त्यानंतर मोठी घंटा नाही, वेदीजवळची छोटीही नाही. गरज पडली तर लाकडावर लाकूड आपटून खटखट करायची.

घंटेचा विषय निघाला की वसईच्या माणसाला इतिहास आठवतो. चिमाजी अप्पांच्या फौजेचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीत आवळला आणि पोर्तुगीजांचा किल्ला मे महिन्यात पडला. त्या वर्षी ईस्टर २९ मार्चला होता. म्हणजे जवळजवळ सबंध उपवासकाळ आणि त्यावरचा सण तटबंदीच्या आतल्या लोकांनी तोफांच्या आवाजात काढला. बाहेर वाड्यांत राहिलेल्या आमच्या पूर्वजांनी तो कसा काढला याची नोंद कोणी केली नाही. शेतकऱ्याची नोंद कोण ठेवतो? पोर्तुगीज गेले. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. मेणवलीच्या घाटावर त्यातली एक आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा तर मराठीत म्हणीसारखी रुळली, तिच्यावर १७२१. आमच्या घंटा मुक्या असतात त्या शुक्रवारी गोदाकाठची ही घंटा वाऱ्याला मोकळीच. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी तक्रार शोधत होतो, सापडली नाही. देवाच्या दारातून निघून ती देवाच्याच दारात टांगली आहे. फिरंगी गेल्यावरही आम्ही मागे राहिलो आणि आमचा उपवासकाळ मराठीत आला, हे मला घंटांपेक्षा मोठं वाटतं. मराठीत यायला मात्र १९६० चं दशक उजाडावं लागलं. तोवर वेदीवरून लॅटिन.

त्या मराठीची कसोटी गुड फ्रायडेला लागते. दुपारी तीनचा विधी, त्या दिवशी मिस्सा नाही. योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचलं जातं. निवेदक एक, येशूचे शब्द फादरांकडे, आणि जमावाचे शब्द आमच्याकडे, बाकांवर बसलेल्यांकडे. पिलातासमोर उभं राहून त्या निरपराध माणसाचा जीव मागणारे आम्ही. सहा आठवडे आवाज दाबून बसलेल्या, एरवी गाव दणाणून सोडणाऱ्या समाजाला पहिल्यांदा ओरडायची मुभा मिळते ती या वाक्यासाठी. छापील कागदावर त्याच्यापुढे उद्गारचिन्ह असतं. आणि आम्ही ते पुटपुटतो. दरवर्षी गायनमंडळाचा प्रमुख आधी सांगतो, जरा मोठ्यानं म्हणा, जमाव आहे तो. दरवर्षी ते तसंच होतं. एखाद्या लहान मुलालाच सूचना खरी वाटते आणि तो एकटा खणखणीत ओरडतो. मग बाप त्याचा दंड धरतो. धर्मशास्त्राचे दहा वर्ग मी विसरलो आहे, पण त्या दंडावरचा हात मला समजतो.

२०२० मध्ये हेही नव्हतं. टाळेबंदी २५ मार्चला लागली, गुड फ्रायडे १० एप्रिलला आला आणि चर्चला कुलूप. मोबाइल पातेल्याला टेकवून लोक घरातल्या घरात विधीला बसले. जमावाची वाक्यं आली तेव्हा आमच्याकडे जमाव तिघांचा होता.

शनिवारी सकाळी गाव कामाला लागतं. जुन्या लोकांना आठवतं, पुनरुत्थानाचा विधी पूर्वी शनिवारी सकाळीच उरकायचा. पोप पायस बारावे यांनी १९५० च्या दशकात तो रात्रीवर नेला, आणि बरं केलं. आता दिवसभर मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, मसाला वाटला जातो, पोरांना हात लावू देत नाहीत. रात्री चर्चच्या अंगणात आग पेटते, तिच्यावर मोठी मेणबत्ती लागते, आणि अंधाऱ्या चर्चमध्ये आपापल्या मेणबत्त्या सांभाळत, पुढच्या बाईच्या केसांना चटका लागणार नाही इतकं अंतर ठेवत माणसं आत शिरतात. मग जुन्या करारातले पाठ, एकामागून एक. तान्ही मुलं झोपतात, काही मोठीही. आणि ग्लोरिया सुरू होतो तेव्हा सगळ्या घंटा एकदम. वर मनोऱ्यात दोरीसाठी पोरांची झोंबाझोंबी, वेदीपाशी छोट्या घंटा हलवणारे सेवक थांबायला तयार नाहीत, गायनमंडळ ताल सोडून पुढे पळतंय.

विधी संपतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. अंगणात हस्तांदोलनं, मिठ्या, एकाच वेळी बोलणारी शेकडो माणसं. चाळीस दिवसांचा हिशेब चुकता करणारी मंडळी दुचाकी काढून कधीच पुढे गेलेली. एक आजी पायरीवर बसून चपला शोधतेय आणि सुनेला सांगतेय, "एवढे पाठ वाचायचे होते तर आधी सांगायचं ना. वाटण करून तरी आले असते." सून हसत म्हणते, "अहो, दरवर्षी एवढेच असतात." "असूदेत," आजी म्हणते, "पुढच्या वर्षी फादरांना मीच सांगणार आहे." ती हे इतक्या मोठ्यानं म्हणते, की चार हातांवर लोकांच्या घोळक्यात उभे असलेले फादर वळून बघतात.