बाजू झाकून

एक-दोन दात काढून झालेले असतात आणि कळ मात्र जिथल्या तिथे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या नसेतून (मज्जातंतूतून) उठणाऱ्या कळेचे, कितीतरी पेशंट दाताच्या डॉक्टरांकडून फिरत फिरत आमच्या एमआरआयपर्यंत येतात. फायलीत मेंदूचा जुना एमआरआय असतो, त्यावर ‘नॉर्मल’ असा शेरा. शेरा खोटा नसतो. साध्या तपासणीत काप पाच मिलिमीटरचे. पाचवी नस स्वतःच काही मिलिमीटरची. तिला टेकून कळ उठवणारी रक्तवाहिनी त्यात कुठून दिसणार?

त्यासाठी वेगळा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनची वेगळी पद्धत, लावतो. सीमेन्सच्या मशीनवर तो सिस, जीईच्या मशीनवर फिएस्टा. काप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे पेशंट जरा हलला की सगळं वाया. या आजारात गालाला वारा लागला तरी कळ उठते, म्हणून मशीनच्या बोगद्यातला पंखा आधी बंद करायला सांगतो.

सिसमध्ये मेंदूभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र आणि त्यातून मेंदूच्या देठातल्या पॉन्सपासून कवटीच्या तळाशी असलेल्या मेकेल्स केव्ह या कप्प्याकडे निघालेली नस काळी. इतकं देखणं चित्र दुसरं नाही, आणि म्हणूनच मी त्याला जरा बिचकून असतो. रक्तवाहिन्याही त्यात काळ्याच! नसेला टेकलेली रेघ धमनीची की शिरेची, हे एकट्या सिसवरून ठरवणं धाडसाचं. म्हणून आणखी सिक्वेन्स लागतात. टाइम ऑफ फ्लाइटमध्ये जोरात वाहणारी धमनी चकाकते, संथ शीर बहुतेक हरवते. काँट्रास्टनंतरच्या बारीक टी-वन कापांत दोन्ही उजळतात. तिथे दिसलं आणि फ्लाइटमध्ये नाही, ते बहुधा शीर. सर्जनला हे आधी कळलेलं बरं. धमनी बाजूला सारून मध्ये टेफ्लॉन ठेवता येतो, शिरेचं तसं सोपं नसतं. कळेचं कारण दर वेळी रक्तवाहिनीच असतं असंही नाही. साध्या टी-टू सिक्वेन्सवर पाण्यात मिसळून गेलेली एपिडरमॉइडची गाठ डिफ्युजन सिक्वेन्सवर लख्ख दिसते. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग शोधायला मात्र तो साधा, पाच मिलिमीटरचा एमआरआयच कामी येतो.

धमनी नसेला दाबते, हे वॉल्टर डँडींनी 1930च्या दशकात ऑपरेशन करताना पाहून लिहून ठेवलं होतं. आम्हाला ते कवटी न उघडता दिसतं, पण नको इतकं दिसतं. न दुखणाऱ्या बाजूलाही धमनी नसेला टेकलेली सापडते. कधीच काही न दुखलेल्या माणसातही. त्यामुळे नुसत्या स्पर्शाला मी फार किंमत देत नाही. नस जागेवरून सरकली आहे का, खोबण पडली आहे का, दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक झाली आहे का, हे बघतो.

आणि हे बघताना डॉक्टरांची चिठ्ठी पालथी ठेवतो. कळ उजवीकडे आहे असं एकदा वाचलं, की उजवीकडची प्रत्येक रेघ गुन्हेगार वाटायला लागते. दोन्ही बाजूंचं लिहून झालं की चिठ्ठी उलटतो. बाजू जुळली तर उत्तमच. नाही जुळली, तर लिहिलेलं बदलत नाही. सर्जनला फोन करतो आणि कळ नेमकी कुठून सुरू होते, ते पेशंटला पुन्हा विचारायला सांगतो.