पटावर हजर, वर्गात गैरहजर

शाळेच्या हजेरीपटाला दोनच गोष्टी कळतात : मूल आले किंवा मूल आले नाही. पण शाळेत तिसरीही एक अवस्था असते आणि ती खेळाडूंच्या वाट्याला येते. मूल पटावर हजर असते, वर्गात मात्र नसते. माध्यमिक शाळेच्या खो-खो संघात मी चार वर्षे काढली, त्यामुळे या तिसऱ्या अवस्थेचा मला चांगलाच परिचय आहे. संघ स्पर्धेला गेला की आमच्या नावापुढे हजेरी लागे. मुली शाळेच्याच कामाला गेलेल्या, त्यांना गैरहजर कसे म्हणायचे? न्याय बरोबरच होता. फक्त त्या हजेरीने आमच्या वहीची पाने भरत नसत.

शालेय स्पर्धांची शिडी सर्वांना ठाऊक आहे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि त्यानंतर राष्ट्रीय. पावसाळ्यात तालुक्याचे सामने सुरू होतात आणि एकेक पायरी चढत हिवाळा येतो. या शिडीची गंमत अशी, की हरणारा संघ दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बाकावर येऊन बसतो आणि जिंकणारा संघ वर्गापासून आणखी दूर जातो. जितके यश मोठे, तितकी वहीतली कोरी पाने अधिक.

दहावीच्या वर्षी मी हिशेब ठेवला होता. तालुक्याचा १ दिवस, जिल्ह्याचे २, विभागाचे ३, विभागाला जाण्यापूर्वी दिवसभराच्या सरावाचे ३ आणि पावसाने सामने पुढे ढकलले म्हणून वाया गेलेले २, असे एकूण ११ दिवस झाले. रोजचे ८ तास धरले तर ८८ तास होतात. यात प्रत्यक्ष खेळ किती झाला? खो-खोचा सामना संपायला फार तर पाऊण तास लागतो. उरलेला वेळ गेला वाट पाहण्यात. एस. टी.ची वाट, मैदान सुकण्याची वाट, उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची वाट, भाग्यपत्रिका लागण्याची वाट. सकाळी सातला पोचलेल्या आम्ही मुली दुपारी तीनपर्यंत लिंबाच्या झाडाखाली डबे सोडून बसलेल्या असू. ‘खेळामुळे अभ्यास बुडतो’ असे लोक सर्रास म्हणतात. माझा अनुभव असा, की अभ्यास खेळाने थोडा बुडतो आणि वाट पाहण्याने फार बुडतो.

आणि बुडालेला तास आपली वाट पाहत थांबत नाही. विभागाच्या स्पर्धेला आम्ही निघालो तेव्हा भूमितीत ‘वर्तुळ’ नुकते सुरू झाले होते. परत आलो तो फळ्यावर ‘भौमितिक रचना’! मधल्या काळात स्पर्शिका, छेदिका, चक्रीय चौकोन अशी सगळी मंडळी वर्गात येऊन, सर्वांशी ओळख करून घेऊन निघून गेली होती. मैत्रिणींच्या वह्या होत्या, त्या आम्ही रात्री जागून उतरवून काढल्या. पण वहीत प्रमेय उतरते, ते समजावताना बाई कुठे थांबल्या, कोणती रेघ पुसून पुन्हा काढली, मागच्या बाकावरून कोणी काय विचारले, हे उतरत नाही. भूमिती तर तिथेच कळते.

शिक्षक दोन प्रकारचे भेटले. एक सर आम्हांला पाहताच म्हणत, “आल्या का राष्ट्रीय खेळाडू? दहावीच्या पेपरात खो-खोवर प्रश्न नसतो हं!” वर्ग हसे, आम्हीही हसत असू. सामन्याच्या दिवशी मात्र हेच सर मैदानाच्या कडेला उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडत आणि ढाल आली की फोटोत मधोमध असत. त्यांच्याबद्दल मनात राग नाही. त्यांचे दोन्ही बोलणे मनापासूनचे होते, फक्त एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता.

दुसऱ्या आमच्या भूमितीच्या बाई. त्यांना खो-खोतले काही कळत नसे. “तुम्ही पळता आहात की पाठलाग करता आहात, तेच मला समजत नाही गं,” असे त्या सरळ सांगत. पण विभागाहून परतल्यावर संघातल्या आम्हां दहावीच्या पाचजणींना त्यांनी आठवडाभर शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेतले. “वही उतरवू नका, आधी आकृती काढा,” ही त्यांची पहिली सूचना. ते अर्धे तास कोणत्याही पटावर नोंदलेले नाहीत. मला वर्तुळ जेवढे येते तेवढे त्या अर्ध्या तासांचे देणे आहे.

पाचजणींत एक मात्र थांबू शकली नाही. तिच्या वस्तीकडे जाणारी शेवटची एस. टी. शाळा सुटताच निघे. आमच्या संघातली ती सर्वांत चपळ खेळाडू. खांबावर सूर मारून गडी टिपावा तर तिनेच. जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही तिच्या जोरावर जिंकलो. दहावीला तिला क्रीडागुण मिळाले, टक्केवारी थोडी सावरली, पण गणिताची जी भीती बसली ती बसलीच. अकरावीला तिने हौसेने विज्ञान शाखा घेतली आणि दिवाळीपूर्वीच सोडली. आज ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. मैदानी चाचणीची तिला काळजीच नाही, धावणे तिच्या रक्तातच आहे. ती अडते लेखी परीक्षेतल्या अंकगणिताशी. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांतले पदक लागते, आणि आम्ही तर विभागालाच हरलो होतो.

तिच्याकडे पाहून मला एक गोष्ट कळली. क्रीडागुण हे गुणांची भरपाई करतात, तासाची नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५ पर्यंत गुण मिळतात. ही सवलत चांगली आहे आणि ती राहावीच. पण शाळेने मुलीचे ८८ तास घ्यायचे आणि मंडळाने तिला गुण द्यायचे, यात ज्याने घेतले त्याने काही परत केलेच नाही. शिवाय तालुक्यालाच हरलेल्या संघाच्या पदरी तर हे गुणही पडत नाहीत. त्यांनी घाम काही कमी गाळलेला नसतो.

यावर ‘मग मुलींना खेळूच देऊ नका’ असे म्हणणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांना सांगावेसे वाटते, की २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोसाठीच. अशा खेळाडू घडतात त्या शाळेच्या मैदानावरच. तिथला खेळ थांबवून चालणार नाही.

थांबवायची आहे ती आमची मधल्यामध्ये होणारी ओढाताण. गोलेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. एवढा मोठा त्याग आम्ही कोणाकडे मागत नाही. आमचे मागणे अर्ध्या अर्ध्या तासाचे आहे, आणि तो शेवटची एस. टी. सुटण्यापूर्वीचा असावा, एवढेच. बाईंनी जे आपल्या मायेने केले ते शाळेच्या वेळापत्रकात यावे. सामन्यांच्या वेळा आधी कळाव्यात, म्हणजे पाऊण तासासाठी अख्खा दिवस लिंबाखाली जाणार नाही. आणि परीक्षा जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देण्याची जी रीत आहे, तिच्या उलट गणिताचा एखादा तास खेळाडूंना परत देण्याचीही रीत पडावी.

खो-खोत एक नियम मला फार आवडतो. खो मिळालेली मुलगी उठून धावू लागते, तेव्हा खो देणारी तिच्या जागी बसते. चौकोन रिकामा राहत नाही. महाविद्यालयातही आंतरमहाविद्यालयीन सामने आणि अंतर्गत परीक्षा अनेकदा एकाच आठवड्यात येतात आणि आमच्या वर्गातले दोन-तीन बाक तेव्हा मोकळे दिसतात. प्राध्यापक महाशय हजेरी घेताना त्या नावांपुढे उदारपणे हजेरी मांडतात, त्याबद्दल त्यांचे आभार. सामने आटोपून ती मुले परत येतील, तेव्हा त्यांना एवढेच विचारावे : “तुम्ही गेलात तेव्हा आपण कुठे होतो?” आणि तिथून दहा मिनिटे पुन्हा शिकवावे.