श्रद्धा आणि सनसनाटी

ईस्टरचा सण जवळ आला की येशूविषयी एखादे खळबळजनक वृत्त प्रसिद्ध व्हावे, असा जणू प्रघातच पडला आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये यहूदाच्या नावावरील शुभवर्तमानाचा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात, जेरुसलेमच्या तलपियोत भागात १९८० साली सापडलेली कबर येशूच्या कुटुंबाचीच होय, असे सांगणारा माहितीपट दूरचित्रवाणीवर झळकला. अशा वेळी कोणी भाविक संतापतो, कोणी वृत्तपत्र मिटून मुकाट्याने प्रार्थनेला जातो. एखाद्याच्या मनात मात्र शंकेचा बारीकसा काटा रुततो आणि तो कोणाला दाखवावा हे त्याला उमगत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या विदुषी कॅरेन किंग यांनी रोम येथील परिषदेत पपायरसचा एक तुकडा अभ्यासकांपुढे ठेवला. तळहातात मावेल एवढा तो तुकडा. त्यावर कॉप्टिक लिपीतील तुटक ओळी आणि त्यांत येशूच्या तोंडी आपल्या पत्नीचा उल्लेख. यावरून येशू विवाहित होता हे सिद्ध होत नाही, असे किंग स्वतः सांगत होत्या. पण मथळ्यांमध्ये ही सावधता उरली नाही. व्हॅटिकनच्या दैनिकाने तो तुकडा बनावट ठरवला. तथापि केवळ या निषेधाने प्रश्न सुटणार नव्हता. तो सोडवला चिकाटीच्या वाचनाने. डरहॅम विद्यापीठाच्या फ्रान्सिस वॉटसन यांनी काही दिवसांतच दाखवून दिले की, या ओळी थोमाच्या नावावरील प्राचीन शुभवर्तमानातील शब्द जुळवून बेतलेल्या आहेत. त्या ग्रंथाच्या एका आधुनिक संगणकीय प्रतीत राहून गेलेली चूकही तुकड्यात जशीच्या तशी उतरली असल्याचे पुढे निदर्शनास आले. पपायरस जुना होता. लबाडी नवी होती. अखेर २०१६ साली पत्रकार एरियल सबार यांनी तुकड्याच्या मालकाचा माग काढला आणि तो बनावट असण्याचीच शक्यता अधिक, हे किंग यांनीही मान्य केले.

भाविकांना हायसे वाटले, ते स्वाभाविकच होते. परंतु या सुटकेच्या आनंदातच एक कसोटी दडलेली आहे. तुरिनच्या कफनवस्त्राची कार्बनचाचणी ऑक्सफर्ड, झुरिच आणि अॅरिझोना येथील प्रयोगशाळांनी केली, तेव्हा १९८८ साली निष्कर्ष निघाला तो इसवी सन १२६० ते १३९० या काळाचा. येशूचा देह ज्यात गुंडाळला होता असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले, ते वस्त्र मध्ययुगीन ठरले. तुरिनचे आर्चबिशप कार्डिनल बॅलेस्ट्रेरो यांनी तो निष्कर्ष स्वतः जाहीर केला. १९९८ साली तेथे गेलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी, हा श्रद्धेचा विषय नसल्याने त्याचे संशोधन शास्त्रज्ञांकडे सोपवले आहे, असे सांगितले. अनेक भाविकांना मात्र हा निकाल आजही पटलेला नाही. पपायरसच्या वेळी ज्या चिकित्सेचे स्वागत करायचे, तिलाच कफनवस्त्राच्या वेळी नाकारायचे, तर मग ती निष्ठा सत्यावर आहे की सोयीवर?

ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न परका नाही. आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आहे, असे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच नमूद करतो. जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही असे म्हणणाऱ्या थोमाला शिष्यांनी दूर लोटले नाही. तो त्यांच्यातच राहिला आणि आठ दिवसांनी त्याला त्या जखमा पाहावयास मिळाल्या. दक्षिण भारतातील प्राचीन ख्रिस्ती समाज आपले मूळ ज्याच्याशी जोडतो, तो हाच थोमा. त्या आठ दिवसांत त्याच्या मनात काय चालले होते, याविषयी शुभवर्तमान काहीच सांगत नाही. नवा मथळा वाचून अस्वस्थ झालेल्या भाविकाला बहुधा तेवढाच अवधी हवा असतो, आणि त्या अवधीत त्याला आपल्यातून न वगळणारी माणसे.