कमरेची कोयती

आमच्या वाडीत बाप्या माणूस घराबाहेर पडला की त्याच्या कमरेला आकडी असायची आणि आकडीत कोयती. कुडाळ तालुक्यात आजही रानात, बागेत जाणारा माणूस तिच्याशिवाय निघत नाही. वईची, म्हणजे कुंपणाची, काठी तोडायची, वाटेवरची काटेरी फांदी बाजूला करायची, शहाळं तासायचं, पाठीच्या बाजूने नारळ फोडायचा, सगळ्याला ती एकच. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. शाळेत पायजमा-सदरा, शाळा सुटली की पंचा, आकडी, कोयती आणि माडांचं शिपणं. त्या दोन्हींत त्यांना कधी विरोध दिसला नाही. त्यांच्या कोयतीचं पातं हातभर लांब, टोकाशी आत वळलेलं, मूठ शिवणीच्या लाकडाची, घामाने काळी झालेली. कोयती देताना मूठ पुढे करायची, तोडताना आपल्या मागे कोण उभं आहे ते आधी बघायचं, हे त्यांनी आम्हा बहीण-भावांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं. आणि धार लावताना हमखास म्हणायचे, “बोथट कोयतीच हात कापता.”

मुलगी म्हणून माझ्या वाट्याला कोयती यायची ती जळणापुरती. लग्न होऊन मी डोंबिवलीला निघाले, तेव्हा आईने दिलेल्या सामानात वडिलांनी आपली कोयती गुंडाळून घातली. पुढे कित्येक वर्षं ती ओट्याखाली पडून होती. नारळ फोडण्यापुरती बाहेर यायची. माझी दोन्ही मुलं तिला ‘नारळाची कोयती’ म्हणत, जणू तिला दुसरं काही करताच येत नाही.

थोरला आठवी संपवत होता तेव्हा आम्ही गावी परतायचं ठरवलं, आणि मुलांना घरीच शिकवायचं हेही त्याच वेळी ठरलं. त्याची शाळा वाईट नव्हती. शिक्षक चांगले होते, मार्कही बरे पडत होते. मला खुपत होतं ते वेगळंच. सकाळपासून रात्रीपर्यंत हा मुलगा काही ना काही करत होता, आणि त्यातल्या एकाही गोष्टीची कुणाला गरज नव्हती. त्याने गणित सोडवलं नाही तर त्याचं नुकसान होतं, दुसऱ्या कुणाचं काहीच अडत नव्हतं. चौदाव्या वर्षी मुलाच्या दंडात बळ येतं, आवाज फुटतो, आपणही काही करून दाखवावं असं त्याला आतून वाटू लागतं. आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला सांगतो, तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो. त्या ‘बाकीच्या’तच तर त्याला यायचं असतं.

कागदोपत्री बाजूची मी पुरती चौकशी केली. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचा त्यात उल्लेखच नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला नाव घालता येतं, आणि पाच वर्षांत विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. तेवढा आधार मला पुरेसा होता.

गावी आल्यावर ओट्याखालची कोयती निघाली. पण एका कोयतीवर दोन मुलं कशी भागणार? म्हणून दुसरी करायला आम्ही गावच्या लोहाराकडे, मेस्त्रींकडे गेलो. भंगारातून ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा मुलांनीच आणला होता. मेस्त्रींची खोपी भर दुपारीही अंधारी. वाटलं, गरिबाची खोपी, खिडकी कोण पाडणार? पण अंधार लागतो तो लोखंडाचा रंग दिसावा म्हणून. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो. थोरला पंखा फिरवत होता, धाकटा घड्याळ लावून बसला होता. मेस्त्री म्हणाले, “रंग बघ रे, घड्याळ कित्याक बघतंस?”

ठोकून पात्याला आकार आला. मग खरं काम, पाणी देण्याचं. पातं पिकल्या करवंदाआधीच्या लालीवर आलं, मेस्त्रींनी बाहेर काढलं आणि फक्त धारेची कड पाण्यात बुडवली. पाठ तशीच तापलेली. चटकन दगडावर घासून कड पांढरी केली आणि पातं आम्हा सगळ्यांना दिसेल असं धरलं. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकू लागली, आणि तिच्यापुढे रंग चालू लागले. आधी फिकट पेंढ्याचा, मग तपकिरी, मागून जांभळा येत होता. तपकिरी रंग धारेला टेकला त्या क्षणी मेस्त्रींनी अख्खं पातं पाण्यात सोडलं. जांभळा पोचला असता तर धार मऊ पडली असती. आधीच सोडलं असतं तर पहिल्या गाठीवर दात पडले असते.

धाकट्याने वाचलं होतं की लोखंड साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटायचं सोडतं. पुढच्या खेपेला तो जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन गेला. मेस्त्री रंगावरून “झाला” म्हणायचे, हा तापल्या पात्याजवळ तारेला टांगलेलं चुंबक न्यायचा. चुंबक हलायचंच नाही. आपण डोळ्यांनी जे बघतो तेच पुस्तकात लिहिलंय, याचा आनंद पोराइतकाच मेस्त्रींनाही झाला. त्या रात्री घरी कार्बन, पोलाद, अणूंची रचना यांवर जो अभ्यास झाला तो मी कुणाला सांगून करवला नव्हता.

कोयती हातात आल्यावर हिवाळ्यात कवळतोड आली. ऐन-किंजळीचे टाळ तोडायचे, वाळवायचे, उन्हाळ्यात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर शेण-पातेऱ्यासकट पसरून भाजावळ करायची. झाडावर चढून कुठली फांदी घ्यायची आणि कुठली राखायची, हे शेजारच्या आबांनी शिकवलं. शेंडा तोडायचा नाही, हा त्यांचा नियम. मुलांनी एक वाफा भाजला, एक नुसत्या शेणखतावर ठेवला. भाजलेल्यात तण फारच कमी, रोपं गडद आणि जाड. बिनभाजलेल्यात बेणता बेणता कंबर मोडली. पण थोरल्याने उघड्या पडलेल्या टेकडीकडे बोट दाखवून विचारलं, एवढ्याशा तरव्यासाठी एवढी झाडं? आबांशी त्याचा वाद झाला, मानाने झाला. यंदा दोघांनी मिळून निम्मीच जागा भाजली. त्या निर्णयावर घरातल्या भाताचं पीक अवलंबून आहे, हे त्याला ठाऊक होतं. मला शाळेपेक्षा वेगळं काही हवं होतं, ते हेच.

शेजारच्या वहिनींनी मात्र एक दिवस मला थेट विचारलं, “आमी पोरांका शाळेत घातला ता हातातली कोयती सुटाक व्हयी म्हणान. आनी तू शाळा सोडवन तीच कोयती झिलांच्या हातात दितंस?”

हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. वहिनींचा नवरा दुसऱ्याच्या बागेत मजुरी करत म्हातारा झाला. मेस्त्रींचा मुलगा गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात आहे, बापाची खोपी त्याला नको आहे, आणि त्याचं बरोबर आहे. माझी मुलं कोयती धरतात कारण त्यांच्यापुढे ती खाली ठेवायची वाट मोकळी आहे. ज्याच्यापुढे ती वाट नाही त्याला कष्टाचं शिक्षण म्हणून कौतुक सांगणं ही क्रूरता आहे. गांधीजींनी 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, ती नई तालीम. माझ्या वडिलांनी शिक्षकाच्या प्रशिक्षणात टकळी फिरवली होती. ते सांगत, टकळी खेड्यातल्या पोरांच्या हाती आली आणि शहरातल्यांच्या हाती पुस्तकच राहिलं, तिथेच सगळं बिघडलं. मला त्यांचं पटतं. हातांचं काम सगळ्यांच्याच मुलांना शिकवायला हवं होतं.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला तो याच गाठीशी भिडण्यासाठी, असं मी समजते. मुंबईतली मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून ते त्या दुष्काळी गावात राहिले. शाळेत नापास झालेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन शिकत, गावाची खरी कामं करत, आणि कामाचे पैसेही घेत. पैसे घेणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे काम दिखाऊ राहत नाही, आणि वहिनींच्या प्रश्नालाही थोडं उत्तर मिळतं.

म्हणून मुलांच्या कामाला मी भाव लावायला शिकवलं. वई घालून दिली तर मजुरी, नारळ सोलले तर शेकड्यावर. वहिनींचा धाकटा शाळा सुटली की आमच्याकडे येतो. त्याला बीजगणित थोरला शिकवतो, आणि माडावर चढायला आमच्या धाकट्याला तो शिकवतो. ही देवाणघेवाण त्यांची त्यांनीच ठरवली.

थोरल्याचे दहावीचे तीन विषय झालेत, दोन राहिलेत. ते झाले की पाबळला वर्षभराच्या अभ्यासक्रमाला जायचं म्हणतो. धाकट्याला आणि वहिनींच्या मुलाला मेस्त्रींनी मे महिन्यात भट्टीवर बोलावलंय. चतुर्थीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटवीच्या सामानासाठी लोक रानात शिरू लागतात, तेव्हा कोयत्यांना गिऱ्हाईक असतं. पाट्याचं लोखंड किलोमागे किती, कोळसा किती, एका कोयतीला वेळ किती आणि विकायची कितीला, असं दोघांनी वहीत मांडलंय. मेस्त्रींचा वाटा निम्मा असावा की जास्त, यावर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही. वहिनी म्हणतात, जास्त.