तान्ह्याचे पोट आणि आमचे शहाणपण

घरात वडीलधारी माणसे असली म्हणजे तान्ह्या मुलाची काळजी आपोआप घेतली जाते, असा आपला सर्वांचाच समज असतो. तो बव्हंशी खराही आहे. परंतु वडीलधाऱ्यांच्या हातूनही चूक होते, आणि ती मायेपोटी झालेली असल्यामुळे कोणाच्या लवकर ध्यानात येत नाही. अशी एक चूक माझ्या हातून झाली. ती मनात ठेवण्यापेक्षा तुम्हांला सांगितली तर एखाद्या घरातील बाळाचे हाल टळतील, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

आम्ही जबलपूरचे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता तेव्हापासून येथे मराठी घरे आहेत. आमचे घर मात्र त्या मानाने अलीकडचे. माझे वडील येथील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला लागले आणि आम्ही नर्मदाकाठचे झालो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशीच आमची सर्वांची वाढ झाली. घरात जिला ‘बाळगुटी’ म्हणायचे तिलाच शेजारच्या अंगणात ‘घुट्टी’ म्हणायचे, एवढाच काय तो फरक. तान्ह्या मुलाचे पोट दुखले, फुगले किंवा कुंथून कुंथून ते लालबुंद झाले, की दोन्ही घरांतील उपाय तेच असत.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात मला नात झाली. बाळंतपण सुखरूप पार पडले. पण पाचव्या दिवशी सूनबाईला ताप भरला, तिला पुन्हा इस्पितळात ठेवावे लागले आणि ते दुखणे तीन आठवडे चालले. त्या गडबडीत बाळाला अंगावर पाजणे जवळजवळ बंद झाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळ डब्याच्या दुधावर आले आणि दूध तयार करण्याचे काम मी आपण होऊन माझ्याकडे घेतले. तीन मुले वाढविलेली बाई मी. मला कोण काय शिकविणार?

पहिले काही दिवस बरे गेले. पुढे बाळ दिवसातून एकदा शी करू लागले, मग दिवसाआड, मग तीन-तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी कुंथून, रडून, घामाघूम होऊन ते शी करी, आणि दुपट्यावर बकरीच्या लेंड्यांसारखे कोरडे खडे दिसत. एकदा त्यांवर रक्ताची बारीक रेघही दिसली. बाहेर पारा 42 अंशांच्या घरात आणि घरात हे रडणे. मुलगा रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घाली.

माझे शहाणपण आता पुढे सरसावले. सहाण काढली, मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ यांची जुनी पुरचुंडी शोधली. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून तो लावण्याचा आमच्या आजीचा उपायही मला आठवला. देठ हातात घेतला तेवढ्यात सूनबाई अंथरुणावरून उठून आली. अंगात ताकद नव्हती, तरी ठाम आवाजात म्हणाली, ‘‘आई, माझं ऐका. आधी डॉक्टरांना दाखवू, मग तुम्ही सांगाल ते करू.’’ मला राग आला, हे मी नाकबूल करीत नाही. पण तिच्या डोळ्यांत पाणी पाहून मी देठ खाली ठेवला.

बालरोगांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी खूप प्रश्न विचारले. जन्मल्यावर पहिली काळी, चिकट शी कधी झाली? पहिल्याच दिवशी, मी सांगितले. वजन वाढते आहे का? उलटी होते का, झालीच तर हिरवी असते का? मग त्यांनी बाळाचे पोट चाचपले, वजन घेतले, लघवी किती वेळा होते ते विचारले. लघवी कमी आणि पिवळी होते, हे ऐकताच त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘‘अम्माजी, दूध कसे बनविता, ते जरा करून दाखवा.’’

डबा आम्ही बरोबर नेलाच होता. तेथील उकळलेले पाणी घेऊन मी नेहमीप्रमाणे दूध केले. डब्यावर 30 मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे लिहिलेले होते. 90 मिलिलिटर पाण्यात मी चमचे टाकले चार, आणि तेही शीग लावून. डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता तो शिगेचा चमचा उचलला, सुरीच्या पाठीने सपाट केला आणि खाली पडलेली भुकटी कागदावर गोळा करून मला दाखविली. ती जवळजवळ अर्धा चमचा भरली.

‘‘असे का करता?’’ त्यांनी विचारले. उत्तर माझ्याजवळ होते, पण ते ओठांवर येण्यास वेळ लागला.

भगिनींनो, 1961 साली माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आईला दूध पुरत नसे. कोणीतरी डब्याचे दूध सुचविले. त्या डब्यावर गुबगुबीत मुलाचे चित्र होते, ते मला अजून आठवते. डबा महाग, वडिलांचा पगार तो केवढा! महिनाअखेरपर्यंत डबा पुरावा म्हणून आई चमचा कमी घाली आणि पाणी वाढवी. दूध पांढरे दिसे, बाळ ते पिऊन झोपे, आणि आईला समाधान वाटे. बाटली साध्या पाण्याने विसळायची, हीच स्वच्छता. बाळ हळूहळू सुकत गेले. पावसाळ्यात त्याला जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. पातळ दूध पाजले म्हणून मूल गेले, असे आई जन्मभर म्हणत राहिली. तेच माझ्या मनात इतके खोल रुतून बसले होते, की नातीचे दूध करताना माझा हात आपोआप जड होत असे. दूध दाट असले म्हणजे बाळ सुरक्षित राहील, असे मला वाटत असे.

हे सारे मी कसेबसे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला आणि मग जे समजावून सांगितले, ते तुमच्याही उपयोगाचे आहे म्हणून येथे देते.

आईच्या दुधात प्रथिने फार थोडी असतात, शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम. गाईच्या दुधात ती तिपटीच्या आसपास असतात. शिवाय गाईच्या दुधातील प्रथिनांचा मोठा भाग केसीन या जातीचा असतो. त्याचे पोटात घट्ट दही बनते. आईच्या दुधातील प्रथिने बहुतांशी पातळ निवळीची असतात, त्यामुळे त्याचे दही मऊ होते आणि लवकर पचते. म्हशीच्या दुधात तर स्निग्धांश जवळजवळ दुप्पट. डब्याचे दूध करताना कारखान्यात हे प्रमाण आईच्या दुधाच्या जवळ आणण्याचा प्रयत्न केलेला असतो, तरीही ते हुबेहूब साधत नाही. काही भुकट्यांमधील स्निग्धांशाचा आतड्यात चुन्याशी संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो आणि त्याने शी घट्ट होते. म्हणून डब्याच्या दुधावरील मुलाची शी मुळातच दाट असते. त्यात आपण भुकटी वाढविली, की पाणी कमी पडते. जास्तीचे क्षार लघवीवाटे बाहेर टाकण्यास मूत्रपिंडांना पाणी लागते, आणि तान्ह्याची मूत्रपिंडे अजून कच्ची असतात. शरीर मिळेल तेथून पाणी ओढते, शी कोरडी पडते, लघवी पिवळी होते. उन्हाळ्यात तर याने बाळाच्या जिवावरही बेतू शकते.

‘‘तुमच्या आईने पाणी वाढविले, तुम्ही भुकटी वाढविलीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोघींनी प्रेमानेच केले. पण तुमचा भाऊ केवळ पातळ दुधाने गेला नाही. अर्धपोटी राहून तो अशक्त झाला होता. त्यात अस्वच्छ बाटलीतून जुलाब लागले आणि अंगातील पाणी व क्षार निघून गेले.’’ 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्याने असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले, हे मी पूर्वी वाचले होते. आमच्या घरावरील प्रसंग त्याच्या दहा वर्षे आधीचा. आईला त्यासाठी दोष देणे मी त्या दिवशी सोडून दिले.

आता दूध करण्याची रीत. हात साबणाने धुवावेत. भांडी आणि वाटी-चमचा उकळून घ्यावीत. पाणी खळखळून उकळावे. आमच्याकडे नर्मदेचे आणि परियट-खंदारीच्या तलावांचे पाणी नळाने येते, ते कितीही स्वच्छ दिसो, उकळलेच पाहिजे. उकळलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत, चांगले गरम असतानाच वापरावे, कारण भुकटीही पूर्णपणे जंतुरहित नसते. आधी पाणी मोजून घ्यावे, मग डब्यातलाच चमचा सपाट करून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच भुकटी घालावी. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्याला वापरू नये. मग भांडे थंड पाण्यात धरून दूध कोमट करावे. बाळाने उरविलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे, ठेवून पुन्हा पाजू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, आणि तुमच्या घरी आजीच्या वेळचे बोंडले असेल तर तेही नीट उकळून वापरता येते.

माझ्या पुरचुंडीविषयीही मी विचारले. त्यांनी हसून सांगितले की गुटीतील प्रत्येक जिन्नसाचे तान्ह्याला झेपेल असे माप कोणी ठरविलेले नाही, आणि सहाणेवरचे पाणी तर जुलाबाला निमंत्रणच. एरंडेलाने पोटात कळ येते. देठाने वा साबणाच्या कांडीने नाजूक जागी जखम होते. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित असा विषार होतो की बाळाचे स्नायूच लुळे पडतात, आणि त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा मलावरोध हेच असते.

शी केव्हा काळजीची आणि केव्हा नाही, हेही जाणून घ्या. अंगावर पिणारे मूल सुरुवातीला प्रत्येक पाजण्यानंतर पिवळी, पातळ शी करते. महिना-दीड महिन्यानंतर तेच मूल कधी कधी आठवडाभर शी करीत नाही. शी मऊ होत असेल, मूल हसतखेळत असेल आणि वजन वाढत असेल, तर ते दोन्ही ठीकच. काही मुले दहा-वीस मिनिटे कुंथतात, रडतात, आणि शेवटी शी मऊच होते. तो मलावरोध नव्हे, बाळ अजून जोर लावायला शिकत असते. खडे पडणे ही खरी तक्रार. परंतु जन्मानंतर 48 तासांत पहिली शी न होणे, पोट फुगून घट्ट होणे, हिरवी उलटी, पांढरट मातकट शी, रक्त, ताप, किंवा दूध घेण्याचेच टाळणे, यांपैकी काहीही दिसले तर घरच्या उपायांत एक तासही घालवू नका.

आमच्या घरी सपाट चमच्याने दूध सुरू झाले. पोटावर उजवीकडून वर आणि डावीकडून खाली असा हलका हात फिरविणे, दोन्ही पाय सायकल चालविल्यासारखे हलविणे, एवढेच वरचे उपचार. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाने न रडता मऊ शी केली. घरात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला! सूनबाईची प्रकृतीही सुधारत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले होते की गेलेले दूध पुष्कळदा परत येते; त्यासाठी बाळाला वरचेवर अंगाशी घ्यावे लागते. ती रात्रंदिवस चिकाटीने तसे करीत राहिली. सगळे दूध परतले नाही. पण निम्म्याहून अधिक परतले, आणि डब्याचा खर्च व धास्ती दोन्ही कमी झाली.

ज्या मातांना दूध येत नाही किंवा ज्या आजारी आहेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. अशा बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी तशा पेढ्या निघाल्या. डब्याच्या दुधाविषयी 1992 साली कायदा झाला. त्यामुळे आता त्या डब्यांवर बाळाचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूधच सर्वोत्तम असे छापावे लागते. माझ्या आईच्या वेळी ते चित्र होते आणि ही सूचना मात्र नव्हती.

आमच्या स्वयंपाकघरात एक कागद चिकटविला आहे. त्यावर सूनबाईने ठळक अक्षरांत दुधाचे प्रमाण लिहिले आहे. दूध अजूनही पुष्कळदा मीच करते. चमचा भरला की क्षणभर हात थांबतो. मग सुरीच्या पाठीने मी तो सपाट करते आणि वरची भुकटी परत डब्यात सोडते. तुमच्याही घरी डबा असेल, तर आजच एकदा तुमचा चमचा पाहा.